फाटकापाशी बसलेली नायिका

पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यालगत आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. त्या स्टुडिओच्या फाटकापाशी १९३९ साली कंपनीचीच एक आघाडीची नायिका अन्न सोडून बसली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्यांना असते ते ती हकिकत हसत हसत सांगतात. नटीचा तोरा, बंधूंचा हट्ट, मग डॉक्टरांची धावपळ, वर्तमानपत्रांची चंगळ. जुन्या सिनेमाच्या गप्पांत ती तोंडी लावण्यापुरती येते आणि मग गाडी पुन्हा 'कुंकू'कडे वळते. 'कुंकू'बद्दल बोलताना मात्र सगळ्यांचा आवाज बदलतो. नीरेचे बंड, नीरेचे तेज, काळाच्या पुढची नायिका.

मला हा आवाजातला फरक फार दिवस खुपत आला आहे. पडद्यावर नीरा ज्या गोष्टीसाठी गौरवली गेली, जवळपास तीच गोष्ट तिची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी दोन वर्षांनी पडद्याबाहेर केली. आणि त्यानंतरच्या वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहिले: 'जाऊ मी सिनेमांत?'. १९३७ चा चित्रपट, १९३९ चे उपोषण, १९४० चे पुस्तक. चित्रपटाच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत पडून आहेत. चित्रपट शांतारामबापूंच्या खात्यावर, उपोषण किस्स्यांच्या खात्यावर आणि पुस्तक कुणाच्याच खात्यावर नाही. माझ्या मते त्या एकाच बाईने एकाच प्रश्नाला दिलेल्या तीन उत्तरांसारख्या वाचायला हव्यात.

एक खुलासा आधीच करतो. नीरेला मी 'ती' म्हणणार आणि शांता आपटे यांना 'शांताबाई'. सिनेमाच्या नट्यांना एकेरीत हाक मारण्याची आपल्याला सवय आहे, आणि भूमिका व बाई यांची गल्लत बरीचशी तिथूनच सुरू होते.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. गाण्याचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी बहिणीचा गळा लहानपणीच ओळखला आणि पुढे तिची तालीम, तिचे करार, तिचा व्यवहार सगळे आपल्या हातात ठेवले. हे लक्षात ठेवायला हवे, कारण शांताबाईंच्या आयुष्यात 'मालक' हा शब्द फक्त स्टुडिओपुरता नव्हता. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या राधा झाल्या. कृष्ण होता शाहू मोडक. बोलपट जेमतेम वर्षाचा होता. मुलगी गाऊ शकते की नाही, हाच निवडीचा पहिला निकष. त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे आल्या आणि सुशिक्षित, सधन घरातली बाई सिनेमात गेली म्हणून मराठी मध्यमवर्ग हादरला, मग हळूहळू सुखावलाही. शांताबाईंच्या येण्याने कुणी हादरले नाही. त्या कुठल्या बड्या घराण्याच्या नव्हत्या. गळ्याच्या बळावर आल्या होत्या.

प्रभातमध्ये त्यांचे नाव झाले ते १९३४ च्या 'अमृतमंथन'ने. या चित्रपटाची चर्चा राजगुरूच्या डोळ्याच्या त्या प्रचंड समीप दृश्यावरच थांबते. संगीताच्या अंगाने पाहणाऱ्याला मात्र दुसरीच गोष्ट दिसते. त्या काळी गाणे कॅमेऱ्यासमोरच गायले जाई. वादक चौकटीबाहेर कुठेतरी लपलेले, मायक्रोफोन एका जागी टांगलेला, आणि नट त्याच्या टप्प्यातून हलला की आवाज गेलाच. त्यामुळे पहिल्या बोलपटांतली गाणारी माणसे खांबासारखी उभी दिसतात. त्यात त्यांचा दोष नाही, यंत्राची तशी मागणीच होती. शांताबाई त्या मर्यादेत राहूनच हलू लागल्या. पाय जागेवर असतील, पण मान, डोळे, हात गाण्याबरोबर चालतात. शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर आधी येतो आणि सूर त्याच्या मागून. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार त्यांना लाभला, हा त्यांच्या नशिबाचा भाग. भोळे भावगीताच्या आणि नव्या नाट्यसंगीताच्या वाटेने आलेले. शब्द चिरडून तान घेणे त्यांना मंजूर नव्हते. बैठकीचा गळा आणि पडद्याचा चेहरा यांचे लग्न इथे लागले. पुढे पार्श्वगायन आले आणि हे दोन्ही कायमचे विभक्त झाले, त्याकडे मी नंतर येणार आहे.

१९३६ च्या 'अमरज्योती'त त्या दुर्गा खोटे यांच्यासमोर आहेत. चित्रपट सौदामिनीचा आहे, म्हणजे दुर्गाबाईंचा. पुरुषांच्या कायद्याविरुद्ध समुद्रावर बंड करणाऱ्या त्या राणीपुढे शांताबाईंच्या राजकन्येला फार जागा नाही. 'वहाँ'ही सोडून देतो. १९३८ च्या 'गोपालकृष्ण'मधली राधा लोकांना अतोनात आवडली, पण राधेने त्यांच्याकडून काही नवे मागितले असे मला वाटत नाही. सगळे काही 'कुंकू'पाशी येऊन थांबते.

'कुंकू'ची कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली, पटकथाही त्यांचीच. मामाने पैशासाठी म्हाताऱ्या विधुर वकिलाशी भाचीचे लग्न लावून दिले, आणि मुलीने त्या लग्नाला लग्न मानायचे नाकारले. बस, एवढेच. मराठी प्रेक्षकाला हा विषय नवा नव्हता. देवलांच्या 'शारदा'ने तो १८९९ मध्येच रंगभूमीवर आणला होता. पण 'शारदा' आणि 'कुंकू' यांच्यामधले अंतर मोजून पाहावे. शारदा वाचते ती लग्न लागण्याआधी, आणि वाचते तीही वधूवर सगोत्र निघाले म्हणून. म्हणजे शास्त्रानेच शास्त्रातून वाट काढून दिली. तिच्या वाट्याला रडणे आले आणि प्रेक्षकांच्या वाट्याला करुणा. नीरेच्या बाबतीत लग्न लागून चुकले आहे. आता शास्त्र तिच्या बाजूला नाही. १९२९ चा सारडा कायदाही नाही, कारण तो मुलीचे किमान वय सांगतो, नवऱ्याचे कमाल वय सांगत नाही. तिच्या बाजूला फक्त एक बंद दार आहे.

हे दार शांताबाई कसे लावतात ते पाहण्यासारखे आहे. मी 'कुंकू' पहिल्यांदा पाहिला तेव्हा नीरा आता ढसाढसा रडणार, अशी वाट पाहत होतो. जुन्या चित्रपटांनी तशी सवय लावली होती. ती रडत नाही असे नाही. पण तिच्या रडण्यात दयेची याचना नाही. हनुवटी किंचित वर, ओठ मिटलेले, आणि समोरच्याकडे टक लावून पाहणे. घरात वावरताना तिची चाल नव्या नवरीची नाही, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाची आहे. वस्तूंना ती हात लावते तोही परक्याच्या वस्तूंना लावावा तसा. सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा ती त्याला सरळ चोपून काढते. त्या प्रसंगात मला दिसतो तो सात्त्विक संताप नाही. मराठी पडद्यावरच्या बाईला तोवर फक्त सात्त्विक संतापच परवडत असे. इथे साधा, शरीराचा राग आहे. मारणाऱ्या बाईला दम लागलेला दिसतो.

समोर केशवराव दाते आहेत, ही आणखी एक मोठी गोष्ट. 'आंधळ्यांची शाळा'च्या नाट्यमन्वंतरी वळणातून आलेला हा नट काकासाहेबांना खलपुरुष करत नाही. आरशासमोर वय झाकू पाहणारा, सुधारक म्हणवणारा, आतून लाजलेला म्हातारा. नीरेला राक्षसाला नाही म्हणायचे असते तर सोपे होते. तिला एका बऱ्यापैकी सभ्य माणसाला नाही म्हणायचे आहे. ते रोज म्हणायचे आहे आणि त्याच्याच घरात राहून म्हणायचे आहे.

शिवाय या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, भांडी, रस्त्यावरचे आवाज, ग्रामोफोन. जे घरात ऐकू येईल तेच प्रेक्षकाला ऐकू येते. या प्रयोगाचे श्रेय शांताराम आणि भोळे यांना मिळाले, ते योग्यच आहे. पण त्याचा भार कुणावर पडला हेही म्हणायला हवे. भाव कोणता ते सांगायला व्हायोलिन नाहीत. चेहरा आणि श्वास यांनीच सगळे सांगायचे आहे, आणि चित्रपटभर सांगायचे आहे. त्यात ते इंग्रजी गाणे. लाँगफेलोची उमेदीची कविता ही नवरी त्या कोंदट घरात ग्रामोफोनच्या साथीने गाते. कथेच्या दृष्टीने हे तसे विसंगतच. पुण्याच्या अशा घरातली मामाच्या आश्रयाला वाढलेली मुलगी लाँगफेलो गाईल कशाला? तरी ते क्षणभरही हास्यास्पद होत नाही, कारण शांताबाई इंग्रजी मिरवत नाहीत. परक्या भाषेत माणूस थोडा मोकळा होतो, तेवढेच त्या दाखवतात.

आता माझी तक्रार. 'कुंकू' नीरेला नकार देऊ देतो, पण त्या नकाराचा निकाल तिच्या हातात ठेवत नाही. शेवटी काकासाहेब उमजतात, आत्महत्या करतात आणि तिला नव्या आयुष्याची परवानगी देणारे पत्र मागे ठेवतात. म्हणजे मोकळीक मिळाली, पण दिली त्यानेच. आणि ती देताना तो मोठा झाला. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो तो त्याच्यासाठी. पुरोगामी म्हणून नावाजलेल्या आपल्या अनेक कलाकृतींत हे घडते. बाईच्या रागाचा शेवट पुरुषाच्या पश्चात्तापात होतो आणि आपण सगळे सुटतो. समाजकार्य करणाऱ्या सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. प्रत्यक्षात र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने संततिनियमनाचे काम करणारी, केंब्रिजमध्ये शिकलेली बाई. या दोघींनी मिळून या गोष्टीचा वेगळा शेवट केला असता तर, असे मनात येऊन जाते. पण तो चित्रपट १९३७ मध्ये प्रभातनेही काढला नसता.

चित्रपट प्रचंड गाजला, व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला, आणि शांताबाई एकविसाव्या वर्षी देशभर माहीत झाल्या. देशभर म्हणतो ते हिंदी आवृत्तीमुळे: 'दुनिया ना माने'. इथे प्रेक्षकाला न दिसणारी एक गोष्ट सांगतो. तेव्हा डबिंग नव्हते. मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट एकाच वेळी, एकाच सेटवर निघत. दोन्ही आवृत्त्यांत काम करणाऱ्या नटाने एका दृश्यात मराठीत रागवायचे, मग दिव्यांच्या त्याच उष्ण्यात, त्याच खुणेवर उभे राहून हिंदीत पुन्हा तितकेच रागवायचे. नीरेने सावत्र मुलाला चोपले, म्हणजे शांताबाईंनी निदान दोनदा चोपले. तालमी आणि वाया गेलेले शॉट वेगळेच. प्रभात तालमींसाठी प्रसिद्ध होती. कलावंत महिन्याच्या पगारावर असत आणि करारात बांधलेले असत. बाहेर काम करायला मोकळीक नाही. आत काम कधी, कोणते, किती, हे कंपनी ठरवणार. स्टुडिओ पद्धतीचे हे रूप मुंबईत, कलकत्त्यात, हॉलिवूडमध्ये थोड्याफार फरकाने सारखेच होते. प्रभातमध्ये त्यावर एका मोठ्या कुटुंबाचा मुलामा होता. कुटुंब म्हटले की पगाराची भाषा बोलणारा माणूस कृतघ्न ठरतो.

१९३९ मध्ये प्रभातचा मोठा चित्रपट होता 'माणूस', आणि त्याची नायिका शांता आपटे नव्हत्या, शांता हुबळीकर होत्या. त्याच वर्षी शांताबाईंचे करारावरून कंपनीशी वाजले आणि त्या फाटकापाशी जाऊन उपोषणाला बसल्या.

या कृतीला नाटकीपणा म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली तर वर्षाचीच. त्या मार्चमध्ये राजकोटला गांधीजींनी उपोषण केले होते आणि सगळा देश श्वास रोखून होता. उपोषण हे त्या क्षणी हिंदुस्थानातले सर्वांत समजणारे राजकीय वाक्य होते. ते एका नटीने उच्चारले की चाळा कसे होते? दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. धरणे ही आपल्याकडची फार पूर्वापार रीत. धनको ऋणकोच्या दाराशी अन्नपाणी सोडून बसे. मराठेशाहीत पगार थकलेले शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरत. धरणे धरणारा भीक मागत नसतो. 'माझे काहीतरी तुझ्याकडे अडकले आहे' असे तो चारचौघांत सांगत असतो, आणि त्यासाठी दारच निवडतो, कारण दार सर्वांना दिसते. शांताबाई कोर्टात गेल्या असत्या तर ती मालक आणि नोकर यांच्यामधली बंद खोलीतली बाब राहिली असती. त्या फाटकापाशी बसल्या. ज्या फाटकातून त्या हजेरीसाठी आत जात, त्याच फाटकातून सुतार, रंगारी, शिंपी, प्रकाशयोजनेवरची माणसेही आत जात. ती सगळी त्यांच्यासमोरून जाणार होती. २०१५ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी याच आवारात १३९ दिवस संपावर होते. तेव्हा त्यांच्या मागण्यांबद्दल भले मतभेद असतील, पण संपाला कुणी लाडावलेपण म्हणून हसण्यावारी नेले नाही. शांताबाईंना मात्र आजही ती सवलत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. या उपोषणात बंधूंचा हात किती आणि बहिणीची इच्छा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. करार बाबूराव बघत. बहिणीच्या नकारात भावाचा व्यवहारही होता, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. पण त्यामुळे नकार खोटा ठरतो असे मला वाटत नाही. दोन मालकांच्या मधे उभ्या असलेल्या बाईने एकाला नाही म्हणण्यासाठी दुसऱ्याचा आधार घ्यावा, हे जगात नेहमी घडते. उपाशी शरीर तर तिचेच होते.

उपोषण मिटले आणि प्रभात सुटली. याच सुमाराला त्यांच्याभोवती दुसरी आख्यायिका तयार झाली. 'फिल्मइंडिया'चे जहाल संपादक बाबूराव पटेल यांनी काही लागट लिहिले आणि शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या, ही ती कथा. सांगणारा बदलला की छडीचा चाबूक होतो, फटक्यांची संख्या वाढते. मला त्या छडीपेक्षा आपण ती कथा इतक्या आनंदाने का सांगतो याचेच कुतूहल आहे. ती थेट 'कुंकू'मधून उचललेली आहे. नीरेने मारले, तेव्हा शांता आपटेही मारणारच! नटीचे खरे आयुष्य हे तिच्या भूमिकेचे पुढचे रीळ असावे, अशी प्रेक्षकाची इच्छा असते. या इच्छेने त्यांना कीर्ती दिली. आणि त्यांच्या खऱ्या तक्रारीचा तमाशाही तिनेच केला.

तमाशा झाल्यावर माणूस गप्प बसतो किंवा आणखी ओरडतो. शांताबाईंनी तिसरे केले. चोविसाव्या वर्षी पुस्तक लिहिले.

मराठी नट्यांच्या आत्मकथनांची परंपरा मोठी आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे', शांता हुबळीकरांचे 'कशाला उद्याची बात', स्नेहप्रभा प्रधानांचे 'स्नेहांकिता'. यातले प्रत्येक पुस्तक दिवे विझल्यावर लिहिलेले आहे. बाई मागे वळून पाहते, झाले-गेले सांगते, कुणाला माफ करते, कुणाला करत नाही, वाचक हळहळतो. 'जाऊ मी सिनेमांत?' या रांगेत बसत नाही, म्हणून ते रांगेबाहेरच राहिले असावे. ते आठवणींचे पुस्तक नाही. लिहिणारी अजून धंद्यात आहे, तिला उद्याही काम हवे आहे, आणि तरीही ती धंद्याबद्दल लिहिते आहे. शीर्षकातला प्रश्न तिचा नाही, सिनेमात येऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींचा आहे. त्याला उत्तर म्हणून ती स्वतःची कहाणी सांगत नाही. हा कारखाना चालतो कसा, ते सांगते.

हे शांत पुस्तक नाही. त्यात वाद घालण्याचा आवेश आहे. पण त्याचे लक्ष नेमक्या जागी आहे: पैसा कुणाचा, नफा कुणाचा, आणि शरीर कुणाचे झिजते. सिनेमात गेलेली मुलगी 'बिघडते' की नाही, हा त्या काळच्या मासिकांचा लाडका वादविषय होता. कुलीन स्त्रियांनी सिनेमात यावे की येऊ नये यावर पानेच्या पाने खर्ची पडत. शांताबाईंनी तो वादच बाजूला सारला. शीलाची चिंता करणाऱ्यांना त्यांनी श्रमाची चिंता करायला सांगितले. अभ्यासक देबश्री मुखर्जी यांनी अलीकडे या पुस्तकाकडे जगाचे लक्ष वेधले, ते त्यातल्या थकव्याच्या विचारासाठी. शांताबाईंच्या लेखी थकवा ही नाजूक प्रकृतीची खूण नाही. माणसाला यंत्रासारखे वापरणाऱ्या धंद्याचा तो परिणाम आहे. हा विचार एका नायिकेने मांडावा याला वेगळे वजन आहे. पडद्यावरच्या चेहऱ्यावर थकवा दिसता कामा नये, हीच तर तिची नोकरी असते. सुतार दमला तर कपाळ पुसतो. नायिकेने कपाळ पुसले तर कुंकू फिस्कटते आणि शॉट वाया जातो.

हा शब्दखेळ माझा, त्यांचा नाही. पण दोनदा रागवणे, दोनदा गाणे, दिव्यांखाली ताटकळणे, काम नसताना करारात अडकून बसून राहणे, हे सगळे ध्यानात ठेवून पुस्तकाकडे पाहिले की फाटकापाशी बसण्याला अर्थ येतो. उपोषणात जे शरीराने सांगितले ते इथे वाक्यांत आले. आणि 'कुंकू'च्या शेवटाशी तुलना केली की फरक झळझळीत दिसतो. नीरेला परवानगीचे पत्र मिळाले. शांताबाईंनी पत्राची वाट पाहिली नाही, स्वतःच लिहिले. त्यात परवानगी मागितलेली नाही.

प्रभात सोडल्यावर कारकीर्द संपली असे लिहिण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. १९४१ मध्ये त्या मद्रासकडे गेल्या आणि वाय. व्ही. राव यांच्या तमिळ 'सावित्री'त नायिका झाल्या. त्यासाठी तमिळ शिकल्या, संवाद स्वतः म्हटले. त्या चित्रपटात नारदाचे काम एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केले होते, 'कल्कि' नियतकालिकाला भांडवल उभे राहावे म्हणून. एका चौकटीत दोन गळे, एक पंढरपुरात शिकलेला, एक मदुराईचा. याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिले असते तर किती बरे झाले असते. मग लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार', देबकी बोस यांचा 'अपना घर', नूरजहाँबरोबर 'दुहाई'. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई: एका कंपनीच्या फाटकातून बाहेर पडलेल्या बाईचा हा प्रवास आहे. मोकळीक होती. पण मोकळ्या कलावंताला तालमी घेणारा भोळे मिळत नाही, दारामागे थांबायला लावणारा दिग्दर्शकही मिळत नाही. ज्या कंपनीने त्यांना बांधले तिनेच त्यांच्याकडून उत्तम काम काढून घेतले, ही कडू गोष्ट मला टाळता येत नाही. 'कुंकू'च्या तोडीचे काम पुन्हा झाले नाही. स्टुडिओ पद्धतही लवकरच ढासळली. शांतारामबापू स्वतः १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले.

आणि गाणे त्यांच्या हातून गेले. १९४६ च्या मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त वसंत देसाईंच्या संगीतात एक द्वंद्वगीत आहे, शांता आपटे आणि लता मंगेशकर यांचे. लताबाई तेव्हा सतरा वर्षांच्याही नव्हत्या. हे गाणे ऐकताना मी दरवेळी थोडा अस्वस्थ होतो. एक आवाज चेहऱ्यासकट ऐकू येतो. शब्दावर भुवई उचलल्याचे कानाला कळते, श्वास घेतलेला कळतो, उभे राहणे कळते. दुसरा आवाज कोणत्याही चेहऱ्यावर बसेल इतका निखळ आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत धंद्याला कोणता आवाज हवा होता ते स्पष्ट झाले. नायिकेला गाता येण्याची गरज उरली नाही आणि गाणारीला दिसण्याची. श्रमाची विभागणी झाली. चित्रीकरण सोपे झाले, रेकॉर्डी वाढल्या. लताबाईंचे युग आले, त्याबद्दल कृतघ्न व्हायचे कारण नाही. पण 'अमृतमंथन'च्या त्या मुलीने मायक्रोफोनच्या टप्प्यात राहून जे हलणे शोधून काढले होते, ते त्या युगात कुणाच्या कामाचे राहिले नाही.

१९४९ चे 'जागा भाड्याने देणे आहे', मग पन्नाशीच्या दशकातले 'कुंकवाचा धनी', 'ताई तेलीण', हळूहळू दुय्यम आणि पौराणिक भूमिका. १९६४ मध्ये मुंबईत त्या गेल्या, पन्नाशीही गाठलेली नव्हती. त्यांच्या कन्या नयना आपटे यांनी मराठी रंगभूमी पुढे दीर्घकाळ गाजवली.

'कुंकू' आज पाहायला मिळतो. त्याच्या प्रती घासलेल्या आहेत, आवाज खरखरतो, घड्याळाची टिकटिक आणि रिळाची खरखर एकमेकांत मिसळतात. परवा तो पुन्हा पाहताना मी ठरवून कथेकडे लक्ष दिले नाही. फक्त शांताबाई काम किती करतात ते पाहत बसलो. दार लोटणे, जिना चढणे, उतरणे, वळून पाहणे, गाणे, हात झटकणे. एका दृश्यात त्या नुसत्या उभ्या आहेत आणि समोरचा बोलतो आहे. त्यांच्या गळ्याची शीर हलते. तो मराठीतला शॉट होता. हिंदीतला त्याच्या आधी झाला की नंतर, एवढेच मनात येत राहिले.